वडिलांच्या फुटबॉलविषयी लिहायचे आहे. कागद थोडे आहेत आणि दोन कोडी सुटत नाहीत

प्रश्न : विश्रामबाग, सांगली

नमस्कार. माझे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, गेल्या श्रावणात गेले. येत्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना आणि स्नेह्यांना द्यावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. पाटबंधारे खात्यातील त्यांच्या ३४ वर्षांच्या नोकरीविषयी लिहायला त्यांचे सहकारी तयार आहेत. फुटबॉलविषयीचे पान मी मागून घेतले, कारण ते कोणीच घेत नव्हते. थोरल्या भावाचे म्हणणे असे की नाना काही नावाजलेले खेळाडू नव्हते, शाळा-कॉलेजात सगळेच खेळतात, तेव्हा दोन ओळी पुरेत. मला ते पटत नाही. जो माणूस वयाच्या ऐंशीव्या वर्षीही रस्त्यावर मुले खेळताना दिसली की सायकल थांबवून उभा राहत असे, त्याच्या आयुष्यात फुटबॉल दोन ओळींचा नसणार.

अडचण अशी की ते स्वतः फार बोलत नसत, आणि गावभागातल्या जुन्या घरातले बरेचसे कागद २०१९ च्या महापुरात गेले. माडीवर होते तेवढे वाचले. त्यात शालेय स्पर्धेचे एक प्रमाणपत्र आहे, ज्यावर ‘दक्षिण सातारा जिल्हा’ असे छापले आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची दोन प्रमाणपत्रे आहेत. पैकी १९६१ चे पुणे विद्यापीठाचे, तर १९६३ चे शिवाजी विद्यापीठाचे. नानांनी १९६० ते १९६४ ही चारही वर्षे सांगलीतच काढली, मग मध्ये ते पुण्याला गेले होते की काय, हे पहिले कोडे. दुसरे कोडे त्यांच्या शेवटच्या सामन्याच्या वृत्तपत्रातील कात्रणाचे. नाना नेहमी राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे, खेळत, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले होते. कात्रणात मात्र उत्तरार्धात ते ‘लेफ्ट आउट’, म्हणजे आघाडीच्या फळीत अगदी डाव्या कडेला, खेळल्याचे लिहिले आहे. १९६४ च्या आरंभी कोल्हापुरात झालेल्या त्या सामन्यात त्यांचा गुडघा दुखावला, त्याच वर्षी मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि खेळ सुटला, एवढेच घरात माहीत आहे.

शिवाय संघाचे एक छायाचित्र आहे. भाऊ म्हणतो, त्यातला नानांचा चेहरा तेवढा कापून घेऊन छापू. ज्याच्या नावावर ना करंडक ना गोलांची संख्या, अशा खेळाडूविषयी लिहिताना नेमके काय लिहावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, सातारा

आपल्या पहिल्या कोड्याचे उत्तर नानांच्या पायांत नाही, नकाशात आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली जिल्हा असे ठेवण्यात आले; म्हणून त्यांच्या शालेय प्रमाणपत्रावर जुने नाव आहे. विद्यापीठाचेही तसेच झाले. सांगली-साताऱ्याची महाविद्यालये आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झाल्यावर ती तिकडे गेली. नाना कोठेही गेले नव्हते. ते एकाच मैदानावर सराव करत राहिले आणि त्यांच्या डोक्यावरची पाटी तेवढी बदलली. त्या काळी मॅट्रिक ही अकरावी असे आणि पुढे बी. ए.ला चार वर्षे लागत, त्यामुळे आपण दिलेली सालेही नीट जुळतात.

त्यांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वार्षिक नियतकालिकाचे जुने अंक अवश्य पाहावेत. अशा अंकांच्या शेवटी जिमखान्याचा वृत्तान्त असतो, तो लहान टाइपात असल्याने लोक उलटून टाकतात. कोणत्या संघाशी सामना झाला, कोण कप्तान होता, कोणाला विद्यापीठाच्या संघाच्या निवड-चाचणीसाठी बोलावले, हे तेथे मिळू शकते. ग्रंथपालांना साल नेमके सांगितले तर काम लवकर होते. छायाचित्र मात्र कृपा करून कापू नका. त्या काळच्या संघचित्रात बहुधा कप्तान मध्यभागी बसलेला असे आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या चेंडूवर पांढऱ्या रंगाने साल घातलेले असे. भिंग घेऊन संपूर्ण चित्र वरपासून खालपर्यंत पाहावे.

उत्तर : माजी खेळाडू, सातारा

ताई, मी आपल्या वडिलांहून चार-पाच वर्षांनी लहान आहे आणि साताऱ्याकडून हाफ म्हणूनच खेळलो आहे. दुसऱ्या कोड्याचे उत्तर मी देऊ शकतो, आणि ते देताना मला वाईट वाटते आहे.

आम्ही खेळलो तेव्हा बदली खेळाडू नसे. जागतिक पातळीवरही १९७० च्या विश्वचषकात प्रथमच बदली खेळाडू उतरवता आले. सामन्यात कोणी जायबंदी झाला तर एकतर दहा जणांनी खेळायचे, नाहीतर त्याला मैदानाच्या कडेला, लेफ्ट आउट किंवा राइट आउट म्हणून उभे करायचे. तेथे उभा राहिलेला लंगडा माणूसही प्रतिपक्षाचा एक खेळाडू आपल्याजवळ अडकवून ठेवतो, एवढाच त्याचा उपयोग. वार्ताहराने आपल्या वडिलांना लेफ्ट आउट लिहिले ते चुकून नव्हे. राइट हाफचा माणूस उत्तरार्धात डाव्या कडेला दिसतो याचा अर्थ तो एका पायावर उरलेला सामना खेळला.

आता हाफविषयी. गोल करणाऱ्याचे नाव कात्रणात येते, गोल वाचवणाऱ्याचेही कधी येते. हाफचे येत नाही. समोरच्या इनसाइडला, म्हणजे प्रतिपक्षाच्या आघाडीतल्या आतल्या बाजूच्या खेळाडूला, अडवायचे, चेंडू काढून घेतला की मान वर करून आपला माणूस शोधायचा, आणि पास देऊन झाला की पुन्हा मागे धावायचे. संघात सर्वांत जास्त धाव त्याचीच असे. आणि ही धाव पावसाळ्यातल्या चिखलात. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर, वर तोंडाशी नाडी. पाणी पिऊन तो असा जड होई की नाडीच्या बाजूने हेड बसला तर कपाळावर वळ उमटे. बुटांचे स्टड चामड्याच्या चकत्यांचे असत आणि खिळ्यांनी ठोकलेले. ते झिजले की खिळा आत, तळपायाला टोचू लागे, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी चर्मकाराकडे जाणे हा आमच्या तयारीचाच भाग होता. हे सगळे लिहा. करंडक नसला तरी चालेल, पण तो माणूस दीड तास काय करत होता ते वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.

एक विचारतो. ते जर्नेल सिंगचे नाव घेत असत का? १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना, मूळचा बचावपटू असलेल्या जर्नेल सिंगला भारताचे प्रशिक्षक रहीम साहेबांनी पुढे खेळवले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला. २–१ ने सुवर्णपदक आपले झाले. आमच्या पिढीतल्या प्रत्येक हाफने आणि बॅकने ती बातमी जपून ठेवली होती.

उत्तर : अस्थिरोगतज्ज्ञ, सांगली

गुडघ्याविषयी थोडे लिहितो. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. फुटबॉलमध्ये पाय जमिनीत रुतलेला असताना शरीर वळले की गुडघ्यातील कूर्चेची गादी फाटते. अशी गादी फाटलेला खेळाडू सरळ रेषेत बऱ्यापैकी धावू शकतो. वळताना मात्र गुडघा अचानक अडकतो. पट्टी घट्ट बांधून काही जण कित्येक महिने खेळत राहतात आणि मग एखाद्या सामन्यात गुडघा असा अडकतो की सरळच होत नाही. १९६० च्या दशकात शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा ती गादी संपूर्ण काढून टाकणे असे. दुर्बिणीतून फक्त फाटलेला भाग काढण्याची पद्धत नंतर रूढ झाली. गादी गेली की सांधा हळूहळू झिजत जातो आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी मांडी घालून बसणेही अवघड होते. उतारवयात ते पंगतीत खाली बसत असत का?

प्रश्नकर्तीचे उत्तर : विश्रामबाग, सांगली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, नाना पंगतीत बसत नसत. माझ्या लग्नातही ते भिंतीकडेला खुर्चीवर बसून जेवले, आणि सत्यनारायणाला आईशेजारी पाटावर न बसता ते मागे उभे राहत. आम्हाला तो त्यांचा स्वभाव वाटे. आणि हो, जर्नेल सिंगचे कात्रण आहे. ते प्रमाणपत्रांच्याच पाकिटात होते. नाना त्या सामन्यात नव्हते म्हणून मी ते बाजूला ठेवले होते.

काल रात्री भिंग घेऊन छायाचित्र पाहिले. चेंडूवर १९६२-६३ असे साल आहे. नाना उभ्या रांगेत डावीकडून तिसरे आहेत. त्यांच्या पुढे बसलेल्या दोघांच्या खांद्यांमधून त्यांचा उजवा पाय दिसतो आणि त्या गुडघ्याला जाड पट्टी बांधलेली आहे. म्हणजे कोल्हापूरच्या त्या सामन्याच्या आदल्या वर्षीच गुडघा गेलेला होता, आणि पुढचा संपूर्ण हंगाम ते त्याच गुडघ्यावर राइट हाफ खेळले. घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते. आईलाही नाही.

मी भिंग आणि छायाचित्र थोरल्या भावाकडे दिले. आज सकाळी त्याने स्वतः छापखान्यात फोन केला आणि सांगितले की चित्र पूर्ण पानावर घ्या, कोठेही कापू नका, गुडघे दिसले पाहिजेत. सोमवारी आम्ही दोघे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन १९६३-६४ चा अंक पाहणार आहोत.