फक्त कॅमेऱ्यासाठी महागातला फोन घ्यायचा आहे. आठ दिवसांत त्याची पारख कशी करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं वापरलेला फोन आता बदलायचा आहे आणि या वेळचा फोन निव्वळ कॅमेऱ्यासाठी घ्यायचा आहे. खेळ, गाणी, चार्जिंगचा वेग यांचं मला फारसं काही नाही. मला दोनच गोष्टींचे फोटो मनासारखे हवे आहेत. पहिली माझी अडीच वर्षांची मुलगी. झोप सोडली तर ती एका जागी कधी सापडत नाही. दुसरी म्हणजे आजोबांच्या अकरा डायऱ्या. आजोबा आता नाहीत, डायऱ्या आईकडे आहेत. शाई फिकट होत चालली आहे आणि कडेचा कागद हात लावला की तुकड्याने सुटतो. स्कॅनरच्या काचेवर उपड्या घालून दाबायची माझी हिंमत होत नाही, म्हणून पान न् पान फोनने टिपायचं ठरवलं आहे.

मावसभावाने त्याचा फोन आठ दिवस वापरायला दिलाय, म्हणाला, आधी वापर, मग पैसे घाल. एक इंची सेन्सर (उजेड टिपणारा भाग), मुख्य लेन्स एफ/१.६३ (हा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत सोडणारं छिद्र मोठं), शिवाय दोन टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्स. फोनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष फोनचा की माझा हेच अजून मला उमगलेलं नाही.

दिवसाउजेडी बाहेर काढलेले फोटो पाहून मी अक्षरशः गप्प झाले. मुलीच्या भुवईवरची बारीक लव दिसते, मागची झाडं आपसूक मऊ होतात, आणि हे सगळं पोर्ट्रेट मोड न लावता.

पण संध्याकाळी घरात दिवे लागले की सगळं बिनसतं. काल ती सोफ्यावरून उडी मारत होती, मी पाठोपाठ नऊ फोटो काढले. नवांपैकी एकातही तिचा चेहरा धड नाही. सोफ्याच्या कापडाची वीण मोजता येईल इतकी स्वच्छ आणि मुलीच्या जागी धुरकट पट्टा! फोटोची माहिती उघडली तर शटर १/३३ सेकंद.

डायऱ्यांचा त्रास वेगळाच. पानाच्या मधल्या ओळी कोरल्यासारख्या येतात आणि कडेकडेची अक्षरं विरघळतात. आजोबा तारीख नेहमी उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे, नेमकी तीच वाचता येत नाही. माझ्या जुन्या, साध्या फोनवर तेच पान काढलं तर अक्षरं एवढी छान नसतात, पण कोपऱ्यापर्यंत सारखी येतात.

आणखी एक, रात्री पाच पट झूम केला की चित्र जलरंगात काढल्यासारखं दिसतं. हे मला एवढं महत्त्वाचं नाही, पण कारण कळलं तर बरं.

लेन्स पुसून झाली, कव्हर काढून पाहिलं, कॅमेऱ्याचं सेटिंग मूळपदावर आणून पाहिलं. चार दिवस उरलेत. हा फोन बिघडलाय, की एवढा मोठा सेन्सर असाच वागतो? उरलेल्या दिवसांत नक्की काय काय तपासू? परीक्षणं पुष्कळ वाचली, पण त्यांत सगळीकडे सूर्यास्त आणि रात्रीच्या इमारती. पळणारं मूल आणि जुना कागद कुणी तपासलेलाच नाही.

प्रतिसाद १

ताई, डायरीपुरतं सांगतो, फोन बिघडलेला नाही. सेन्सर मोठा आणि छिद्र उघडं असलं की फोकसची खोली कमी होते, म्हणजे जेवढ्या पट्ट्यात वस्तू स्पष्ट येते तो पट्टा अरुंद होतो. एक इंची फोनवर वीस सेंटिमीटरवरून पान टिपलं तर हा पट्टा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा. जुन्या डायरीचं पान कधी सपाट नसतं, शिवणीपाशी खोल जातं आणि कडेला उचललेलं असतं. त्यात इतक्या जवळून लेन्सची कडेची स्पष्टताही ढासळते. तुमच्या जुन्या फोनचा सेन्सर लहान, म्हणून त्याचा पट्टा रुंद आणि कोपऱ्यापर्यंत अक्षरं सारखी.

उपाय सोपा आहे. मागे सरका. अंतर दुप्पट केलं की स्पष्ट पट्टा साधारण चौपट होतो. चाळीस सेंटिमीटरवर जा आणि दोन पट झूम लावा, झूमने पट्टा थोडा अरुंद होईल, तरी आधीच्या दुप्पट उरेल. पिक्सेल चौथाईवर येतील, पण ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरला तेवढं झेपतं. दोन टेलिफोटोंपैकी एखादी जवळचं फोकस करत असेल तर आणखी उत्तम, काही फोनांत ती सोय फार चांगली असते. फोन पानाला समांतर धरणं मात्र अत्यावश्यक. जरा तिरका झाला की एक बाजू गेलीच.

नावाबद्दलही सांगतो, कारण त्यावरून बरेच फसतात. 'एक इंची' सेन्सरची कुठलीच बाजू एक इंच नसते. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. त्याहून लहान १/१.३ इंची सेन्सरशी तुलना केली तर क्षेत्रफळ साधारण दीड ते पावणेदोन पट भरतं. फरक आहे, पण जाहिरातीतून वाटतो तेवढा नाही. आणि नवलाईही नाही. पॅनासॉनिकने सीएम१ फोनमध्ये २०१४ सालीच हा आकार बसवला होता, शार्पचा अ‍ॅक्वॉस आर६ २०२१ मध्ये आला, शाओमीचा १२एस अल्ट्रा २०२२ मध्ये.

अरुंद पट्ट्यावर खरा तोडगा म्हणजे छिद्र लहान-मोठं करता येणारी लेन्स. शाओमीच्या १४ अल्ट्रामध्ये एफ/१.६३ पासून एफ/४ पर्यंत ते करता येत होतं. १५ अल्ट्रामध्ये पुन्हा एकच, एफ/१.६३. कागदपत्रं टिपणाऱ्यांसाठी मला ही माघार वाटते. एफ/४ ला उजेड साधारण एक षष्ठांश उरतो हे खरं, पण डायरी कुठे पळून जाणार आहे?

प्रतिसाद २

मुलीच्या फोटोंचं कारण तुम्हीच लिहिलंय, शटर १/३३, म्हणजे सेकंदाचा तेवढा भाग सेन्सर उजेड घेत राहतो. हिशोब करून बघा. उडी मारणारं मूल सेकंदाला दोन मीटर सरकतं असं धरलं, तर १/३३ सेकंदात ते सहा सेंटिमीटर पुढे गेलं. म्हणजे चेहरा सहा सेंटिमीटर फासला गेला. १/२५० ला हेच अंतर आठ मिलिमीटर. इथे सेन्सरच्या आकारापेक्षा फोनचं डोकं जास्त महत्त्वाचं, म्हणजे समोरची वस्तू हलतेय हे ओळखून तो आपणहून शटर वेगवान करतो की नाही. काही फोन करतात. काही मात्र स्वच्छ, बिनदाण्याच्या चित्राच्या हट्टापायी शटर सावकाशच ठेवतात. मला स्वतःला दाणेदार पण ओळखू येणारा चेहरा कधीही चालेल.

ओआयएसवर भरवसा ठेवू नका. तो तुमच्या हाताचा कंप सावरतो, मुलीची उडी नाही. नाइट मोड तर इथे उलटाच पडतो, कारण तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो आणि तेवढ्या वेळात मूल दुसरीकडे पोचलेलं असतं.

उद्या संध्याकाळी असं करा. प्रो मोडमध्ये (जिथे आकडे आपण ठरवतो) शटर १/२५०, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. तोच दिवा, तीच उडी. शक्य असेल तर शेजारी दुसरा कुठलाही फोन ऑटोवर. मग दोघांचे फोटो मोठे न करता, स्क्रीनभर जेवढे दिसतात तेवढेच बघा. सरतेशेवटी तुम्ही ते तसेच बघणार आहात.

एक सावधगिरी. एलईडी दिव्याखाली शटर वेगवान केलं की कधी कधी फोटोत काळसर आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो, पट्टे त्याचे. तसं झालं तर १/१०० वर या. सगळेच दिवे असे नसतात, दुसऱ्या खोलीतला लावून बघा.

प्रतिसाद ३

झूमचं कोडं बोटाने सुटतं. रात्री पाच पट झूम लावा आणि टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर समजा की फोन टेलिफोटो वापरतच नाही, मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून ताणतोय. उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की पुष्कळ फोन असं करतात. म्हणून आता टेलिफोटोचा सेन्सरही मोठा करायची चढाओढ आहे. विवोच्या एक्स२०० प्रोमध्ये मुख्य सेन्सर एक इंचाहून लहान, १/१.२८ इंची आहे, पण टेलिफोटोला १/१.४ इंची, २०० मेगापिक्सेलचा सेन्सर दिलाय. माणसांचे फोटो काढणाऱ्याला ही वाटणी जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद ४

एक गोष्ट राहिली आणि ती डायऱ्यांसाठी फार मोलाची आहे. मी जुनी कागदपत्रं टिपण्याचं काम करते, म्हणून कळकळीने सांगतेय.

एआयने तपशील वाढवण्याची जी काही सोय असेल ती बंद करा, आणि जास्त झूममध्ये मजकूर टिपूच नका. फिकट अक्षर दिसलं की फोन त्याला 'सुधारायला' जातो. अर्धवट पुसलेली मात्रा पुसून टाकेल, नाहीतर कागदावरच्या डागाचा अनुस्वार करेल. चित्र स्वच्छ दिसेल, पण ते आजोबांचं अक्षर राहणार नाही. हे मनाचं सांगत नाही. चंद्राच्या फोटोंवरून २०२३ मध्ये गदारोळ झाला तेव्हा सॅमसंगने स्वतःच सांगितलं होतं की फोन चंद्र ओळखतो आणि त्यावरचा तपशील एआयने उठावदार करतो. चंद्राचं ठीक आहे, तो सगळ्यांचा सारखाच. तुमच्या डायरीची दुसरी प्रत जगात नाही.

तपासायला सोपं आहे. एका कागदावर पेन्सिलीने चार निरर्थक शब्द लिहा, काही काना-मात्रा अर्धवट खोडा आणि फोटो काढा. कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून बघा. जो फोन खोडलेलं खोडलेलंच दाखवतो, तो घ्या.

उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश अजिबात नको. फिकट शाईच्या पानामागे काळा कागद सरकवला तर मागच्या पानाची अक्षरं डोकावत नाहीत. आणि पहिल्या दिवशी सगळ्या वह्या उघडू नका, कागदाला ते सोसत नाही.

प्रतिसाद ५

मुलीचे आणि घरातल्यांचे फोटो काढणार आहात तर त्वचेचा रंगही बघा. एकाच चौकटीत गोरं, सावळं आणि काळं माणूस शेजारी उभं करा. बरेच फोन सावळा चेहरा उगाच उजळवतात, आणि आपलं माणूस आपल्यालाच परकं वाटतं. गूगलने पिक्सेल ६ या फोनपासून, २०२१ मध्ये, 'रिअल टोन' नावाने यावर मुद्दाम काम सुरू केलं. पण कुणाच्या नावावर न जाता आपल्या माणसांवरच ताडून बघा.

सहा वर्षं फोन वापरता म्हणून हेही सांगतो. अपडेट किती वर्षं मिळणार ते घ्यायच्या आधी विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंगने सात वर्षांचं वचन दिलंय, सगळे तेवढं देत नाहीत. आणि फोन मोटरसायकलच्या दांड्याला लावू नका. इंजिनाच्या कंपाने ओआयएस बिघडू शकतं, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या संकेतस्थळावर सांगितलं होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार संध्याकाळी गेल्या, जे दिसलं ते सांगते.

१/२५० ला मुलीचा चेहरा आला! दाणेदार आहे, पण डोळे, उघडं तोंड, हवेतले केस, सगळं तिचंच. बैठकीच्या खोलीत पट्टे आले, स्वयंपाकघरात आले नाहीत. अडचण एकच, दर वेळी प्रो मोड उघडेपर्यंत ती उडी मारून मोकळी होते. बहिणीचा फोन शेजारी ऑटोवर ठेवला होता. त्याचा सेन्सर लहान, पण त्याने आपणहून १/१२० धरलं आणि दहांपैकी सहा फोटो ठेवण्यासारखे निघाले. या फोनने ऑटोवर दहांत एक दिला.

बोटाची परीक्षाही केली. रात्री पाच पट झूमवर लेन्स झाकली तरी चित्र तसंच राहिलं. उत्तर मिळालं.

खोडलेल्या मात्रांच्या परीक्षेत मुख्य कॅमेरा पास झाला. दहा पट झूमवर मात्र त्याने एका 'के'चा सरळ 'क' केला. ते पाहून छातीत धस्स झालं. हे मला एरवी कधीच कळलं नसतं. प्रतिसाद ४ वाल्या ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

डायरीचं पान चाळीस सेंटिमीटरवरून, दोन पटीवर, खिडकीपाशी घेतलं. कोपरा आला. १४ जून, आणि खाली 'आज पाऊस धरला'. आईने फोन हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली.

भावाचा फोन उद्या परत करते. एक इंचीचा हट्ट सोडलाय. आता टेलिफोटो मोठी असलेला आणि ऑटोवर शटर वेगवान धरणारा फोन शोधते आहे. असा फोन ज्यांच्याकडे असेल त्यांनी एवढंच करावं, घरातल्या दिव्याखाली पळणाऱ्या मुलाचा ऑटोवर काढलेला एक फोटो घ्यावा आणि त्याचं शटर किती आलं तो आकडा इथे लिहावा.