मदत हवी आहे: बेडकांच्या अभ्यासासाठी वनखात्याची परवानगी

नमस्कार मंडळी. मी एका संस्थेत संशोधन परवानग्यांचं काम बघते. आमच्या पीएचडीच्या दोन मुलींना कोयना अभयारण्यात बेडकांचे स्वॅब घ्यायचेत. बेडूक हातात धरायचा, स्वॅबची काडी पाठीपोटावरून फिरवायची, लगेच तिथेच सोडायचा. अभयारण्यात जायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २८ लागतं, ते ठीक. पण कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच, म्हणजे कलम १२ (संशोधनासारख्या खास कामासाठी प्राणी पकडायची परवानगी) पण आलंच ना? मुख्य वन्यजीव रक्षकांकडे दोन्हींसाठी एकच अर्ज चालतो की वेगवेगळे? २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूच्याही (संरक्षित प्रजातींच्या याद्या) बदलल्यात. प्रजातींची यादी कशी जोडलीत? पावसाळा हुकला तर मुलींचं वर्ष जाईल. अलीकडे कुणी प्रस्ताव पाठवला असेल तर प्लीज सांगा.