मदत हवी आहे: साध्या मजकुरातून स्लाइड्स, पण इंटरनेटशिवाय

नमस्कार मंडळी,
मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. मुलं घरी अहिराणी बोलतात, म्हणून अहिराणी-मराठी शब्दांच्या स्लाइड्स करतेय: बठ्ठा म्हणजे सगळा, आंडोर म्हणजे मुलगा, असं. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मथळे वगैरे दाखवत लिहिते आणि पॅनडॉक या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामने रिव्हील जेएसच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्लाइड्स बनवते. साधी मजकुराची फाइल असल्यामुळे एखादा शब्द चुकला तर मुलं स्वतःच दुरुस्त करतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरी सगळं छान दिसलं. शाळेत नेट नव्हतं, तर स्लाइड्सऐवजी सगळा मजकूर एकाखाली एक, लांबच लांब पान! रिव्हील जेएसच्या फाइली नेटवरून येतात, एवढं कळलं. त्या आणि देवनागरी फॉन्ट, दोन्ही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कसे भरायचे? पेनड्राइव्हवर एकच फाइल न्यायची आहे.

दुसरी अडचण बाणांची. एका हॅशच्या (#) मथळ्याखाली धडा, दोन हॅशखाली (##) एकेक शब्द, अशी रचना आहे. उजवा बाण दाबला की थेट पुढचा धडा येतो, मधले शब्द खालच्या बाणाने बघावे लागतात. मुलं त्यामुळे निम्मे शब्द बघतच नाहीत. धड्यांचे मथळे ठेवून सगळं एका ओळीत पुढे नेता येईल का?

(स्लाइड्समधल्या ओव्यांच्या ओळी एकमेकींना चिकटत होत्या. ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि मोकळी जागा दिल्यावर ते सुटलं.)

शाळेच्या संगणकावर काही इन्स्टॉल करता येत नाही, फक्त ब्राउझर आहे. नेमकी कमांड सांगितलीत तर फार उपकार होतील.