मदत हवी आहे: जुना लेथ कटला दबतोय, मोटर लोड घेत नाही

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ सहा फुटी, कोन पुली (पायऱ्यांची पुली) आणि बॅक गिअरचा (स्पीड कमी करून जोर वाढवणारे गिअर), स्पिंडल म्हणजे जॉब फिरवणारा मुख्य शाफ्ट गनमेटलच्या बुशवर. वडिलांनी १९७९ मध्ये जुना म्हणूनच घेतला होता आणि घर त्यावरच चाललं, म्हणून भंगारात घालायचा सल्ला कृपया देऊ नका. मोटर ३ एच.पी., थ्री फेज. तिथून काउंटरशाफ्टला दोन व्ही बेल्ट, काउंटरशाफ्टवरून कोन पुलीला चपटा पट्टा.

अडचण अशी. ५० मिमीचा ईएन ८ स्टीलचा शाफ्ट, मिनिटाला २८० फेऱ्यांच्या स्पीडला, कार्बाइडचं टूल. पूर्वी ३ मिमीचा कट सहज निघायचा, चिप निळी होऊन तुटून पडायची. आता दीड मिमीलाच आवाज खाली बसतो. तीनला टूल लावलं की चार-पाच सेंटिमीटर जातं, मग चक (जॉब पकडणारा भाग) जड होत होत थांबतं. टूल जॉबमध्ये रुतलेलं आणि मोटर नुसती घुमतेय. झटकन टूल मागे घ्यावं लागतं. बॅक गिअर टाकला तर तोच ३ मिमीचा कट आरामात निघतो, पण त्या स्पीडला दिवसाला किती शाफ्ट होणार? गुऱ्हाळं सुरू व्हायला आलीत, चरकाचे शाफ्ट अडकून पडलेत.

करून पाहिलं ते सांगतो. दोन्ही व्ही बेल्ट नवे टाकले, पट्टाही ताणला. काही फरक नाही, उलट पुढचं बुश हाताला गरम लागायला लागलं. व्होल्टेज चालू कटमध्ये मोजलं, तिन्ही फेजमध्ये ४०५ ते ४१०. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट साफ केले. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद १
दादा, आधी एक ठरवा: मोटर दबतेय की मोटर फिरतेय आणि स्पिंडल थांबतोय? मोटरच्या पुलीवर आणि कोन पुलीवर खडूची रेघ मारा, कट लावा, कोणाला तरी मोटरकडे बघायला उभं करा. मोटर पूर्ण स्पीडला आणि कोन पुली संथ झाली, तर बेल्ट किंवा पट्टा घसरतोय. कोन पुली फिरतेय आणि चक थांबलंय, तर कोन पुली बुल गिअरला (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरला) जोडणारी पिन बघा. जुन्या लेथमध्ये ती पिन आणि तिची खाच झिजते. बॅक गिअर टाकताना ती पिन काढलेली असते, म्हणून तिथे लेथ ठीक चालतो. तुमचं लक्षण ऐकून मला पहिली शंका पिनचीच येते.

मूळ प्रश्नकर्ता
आत्ताच करून आलो. पिन घट्ट आहे, खाच चांगली आहे. चक, कोन पुली आणि मोटर तिन्ही एकदमच संथ होतात. म्हणजे मोटरच दबतेय. बेल्ट काढून टंग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) लावला, तिन्ही फेजला सारखाच ०.८ अँपिअर. एक फेज गेली असती तर असं दिसलं नसतं ना? मोटर तीन महिन्यांपूर्वी जळाली होती, ती भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणलीय. तेव्हापासून चक सुरू होतानाही हळू उचलतं, पूर्वी बटण दाबलं की झटक्यात फिरायचं. मला वाटलं नव्या बेल्टमुळे असेल.

प्रतिसाद २
दादा, मोटर भरून आणली हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. मी मोटरी भरायचंच काम करतो. ३ एच.पी.ची मोटर रिकामी फिरताना सव्वादोन-अडीच अँपिअर घेते, तुमची एक तृतीयांश घेतेय. मोटर डेल्टाची असून स्टारमध्ये जोडली गेलीय; या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती. अशा वेळी प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्टच मिळतात आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे तिसरा हिस्सा उरतो. रिकामी छान फिरते, कट लावला की बसते.

मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मग टर्मिनलचं झाकण उघडा. सहा बोल्ट दिसतील. पितळी पट्ट्यांनी एकाच ओळीतले तिन्ही बोल्ट आडवे जोडले असतील तर स्टार. वरचा-खालचा अशा तीन उभ्या जोड्या असतील तर डेल्टा. पण पट्ट्या फिरवण्याआधी नेमप्लेट वाचा आणि ज्यांनी भरली त्यांना विचारा, तार आणि टर्न जुनेच ठेवले का. त्यांनी स्टारसाठी भरली असेल आणि तुम्ही डेल्टा केली तर मोटर पुन्हा जळेल. बदलल्यावर बेल्ट न लावता करंट बघा. नेमप्लेटच्या अर्ध्याच्या आसपास आला तर बरोबर. त्याच्या खूप वर गेला तर लगेच बंद करा.

मूळ प्रश्नकर्ता
काका, अगदी तेच निघालं. नेमप्लेट धुऊन वाचली: २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ४.८ अँपिअर, डेल्टा. आत पट्ट्या आडव्या. भरणाऱ्याला फोन केला, टर्न जुनेच आहेत म्हणाले, जोडताना चूक झाली हेही मान्य केलं. पट्ट्या उभ्या केल्या, बेल्टशिवाय २.४ अँपिअर आला. मग बेल्ट चढवला आणि ३ मिमीचा कट लावला. निळी चिप तुटून पडताना बघितली आणि खरंच डोळे भरून आले. वडील बाजूला खुर्चीवर बसले होते, आवाज ऐकूनच म्हणाले, "आता बरोबर."

प्रतिसाद १ वाल्या दादांचेही आभार. खडूची रेघ मारली नसती तर मी अजून पट्टाच ताणत बसलो असतो. पट्टा आता ढिला केलाय, बुश गार आहे. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला तर मोटर बंद करणारा) ४.८ अँपिअरवर ठेवलाय. चरकाचे नऊ शाफ्ट बाकी आहेत, उद्या सकाळी सातला सुरू करतो.