फोनने हलणारा उजेड: ॲप बनवू का?

काजवा:
भुयारी मार्गातल्या भिंतीवर ६०० एलईडी लावतोय. येणाऱ्याजाणाऱ्याच्या फोनमुळे उजेड हलावा, एवढंच मनात आहे. आधी ठरवलं, जवळचे फोन वायफाय शोधताना जे सिग्नल सोडतात ते मोजू. काल रात्री तिथे मी एकटाच, खिशात एकच फोन, आणि मोजणी दाखवतेय सात! तासभर कोड तपासला, चूक सापडेना. हा नाद सोडून ॲप बनवू का?

उजेडवाट:
कोड बरोबर असेल. हल्ली वायफाय शोधताना फोन आपला पत्ता, म्हणजे सिग्नलमधला ओळख क्रमांक, बदलत राहतात, कुणी माग काढू नये म्हणूनच. त्यामुळे एकच फोन सात वाटतो. तो मार्ग सोडच. नुसतं चालत जाणाऱ्याने मोजून घ्यायला होकार कुठे दिलाय? ॲपही नको, घाईतला माणूस ते डाउनलोड करत बसत नाही. बर्लिनमध्ये २००१ साली केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेने 'ब्लिंकनलाइट्स' केलं. अलेक्झांडरप्लाट्झच्या एका इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवरच्या १४४ खिडक्या, प्रत्येकीमागे एक दिवा, म्हणजे १८ बाय ८ चा पडदा. साध्या मोबाइलवरून नंबर लावायचा आणि बटणं दाबून इमारतीवर पाँग, म्हणजे चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम, खेळायचा. ज्याला फोन लावता येतो तो खेळू शकत होता. मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तारयंत्र:
पण फोनच का? रिचर्ड बॉक्स या कलाकाराने २००४ साली इंग्लंडमध्ये उच्चदाबाच्या तारांखाली १३०१ ट्यूबलाइट जमिनीत रोवल्या. एकीलाही वायर नाही. तारांभोवतीच्या विद्युतक्षेत्रावर त्या उजळत, आणि माणूस जवळ गेला की मंदावत.

काजवा:
वाचून अंगावर काटा आला. तरी मला फोनच हवा. लोकांचे डोळे तिथेच असतात, तिथून ते भिंतीकडे न्यायचेत.

चार दिवस घालून वेबपान केलं, क्यूआर कोडवरून उघडणारं. फोन तिरका केला की उजेड त्या बाजूला वाहतो. आयफोनवर झुकाव वाचायला आधी बटण दाबून परवानगी घ्यावी लागते, ते बटण पानावर टाकलं. खरं अडलं ते उशिरापाशी. भिंत अर्धा सेकंद मागे राहायची, लोक दोनदा फोन हलवून निघून जायचे. समोरचा उजेड आपण हलवला हे त्यांना कळतच नव्हतं. मग दर वेळी नवी विनंती पाठवणं बंद केलं आणि वेबसॉकेट, म्हणजे फोन आणि सर्व्हरमधली सतत चालू राहणारी जोडणी, उघडं ठेवलं.

आज एका आजींनी फोन हळूच डावीकडे झुकवला, थांबल्या, परत उजवीकडे नेला. मग शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "तो निळा बघ, तो माझा."