नाना शंकरशेट तुम्हाला मुंबईत कुठे भेटले? (अनुभव धागा)

मंडळी, ३१ जुलै हा नानांचा स्मृतिदिन. मुरबाडला १८०३ साली जन्मलेले, १८६५ मध्ये गेलेले जगन्नाथ शंकरशेट मोठे व्यापारी. पण त्यांचा पैसा आणि शब्द शाळा, रेल्वे, नाट्यगृह, राणीची बाग अशा कितीतरी कामी आला. पाठ्यपुस्तकातला धडा नको. तुमच्या घरात, कामात नाना कुठे आले, ते लिहा.

गिरगावकर:
आमच्याकडे ते सोनापूरमुळे, म्हणजे चंदनवाडीच्या स्मशानामुळे आले. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. चाळीच्या जिन्याच्या वळणावर तिरडी अडली, तेव्हा खालच्या काकांनी आपली दारातली बाकं, पिंपं भराभर आत ओढून वाट करून दिली. तिथून चंदनवाडीपर्यंत सगळे चालतच. परतताना शेजारचे एक आजोबा म्हणाले, "सरकार हे स्मशान शिवडीला हलवणार होतं. नाना शंकरशेट आडवे आले, म्हणून आज खांद्यावरून आणता आलं." पुढे वाचलं, तर ते खरंच होतं. घरात कशाचीही ददात नसलेला शेठ चाळीतल्या माणसाच्या शेवटच्या वाटेसाठी सरकारशी भांडतो! त्यांच्या सगळ्या कामांत मला हे थोर वाटतं.

रूपावली:
माझी मावशी मॅट्रिकच्या वर्षी पहाटे उठून धातुरूपं घोकायची, ती 'शंकरशेट'साठी. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची ती शिष्यवृत्ती. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना, म्हणजे पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या सी. डी. देशमुखांना मिळालेली. मावशीला नाही मिळाली, पण संस्कृत तिला कायमचं लागलं आणि ती त्याच विषयाची शिक्षिका झाली. मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा देणाऱ्या माणसाच्या नावाची शिष्यवृत्ती एका मुलीला एवढी ओढ लावते, याचं मला फार अप्रूप आहे.

मोटरमन:
१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. ही गाडी यावी म्हणून जमशेटजी जीजीभॉय आणि नाना आधीपासून झटत होते. आमच्या कित्येक घरांच्या चुली त्या रुळांवर पेटतात.

विंगेतून:
वरच्या प्रतिसादातलं साल बघा. त्याच १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या नाट्यगृहात विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी मुंबईत मराठी नाटक केलं. त्या नाट्यगृहाची जमीन नानांची! आगगाडी आणि नाटक, दोन्हींमागे एकच माणूस. मी प्रकाशयोजना करतो. प्रयोग संपला की दिवे उतरवून, केबली गुंडाळून शेवटची लोकल गाठायची, हे आमचं रोजचं. तालमीला येणाऱ्या नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. त्यातल्या दोघी टाउन हॉलमध्ये जाऊन नानांचा संगमरवरी पुतळा बघून आल्या आणि आता त्यांना त्या १८५३ च्या रात्रीवर एकांकिका बसवायची आहे. त्या काळच्या तिकिटांची, बैठकीची, दिव्यांची माहिती कुणाकडे असेल तर इथे जरूर लिहा.