मदत हवी आहे: प्रवाळ वाढतच नाहीये, काय चुकतंय?

खारंपाणी:
नमस्कार मंडळी, माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकला चौदा महिने झालेत. ऑगस्टमध्ये माँटिपोरा या प्रवाळाचा तुकडा आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता, आज जानेवारी, अजून तेवढाच! वाढत असला की कडेने पांढरी किनार दिसते ना, तीच दिसत नाहीये. अ‍ॅक्रोपोराचंही तेच. मासे मस्त आहेत, पाणी काचेसारखं, रिडिंग सगळी नॉर्मल. दुकानदार दर वेळी नवी बाटली गळ्यात मारतो, तीन झाल्या. प्लीज लवकर सांगा, शनिवारी जे काय करायचं ते करून टाकणार आहे.

मीनल_प:
नॉर्मल म्हणजे किती ते लिहा हो. केएच (पाण्यातला कार्बोनेट, प्रवाळ त्यातूनच सांगाडा बांधतं), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट, सॅलिनिटी म्हणजे खारेपणा. टँक किती लिटरचा? फिल्टरला काय काय लावलंय?

दर्या७:
लाइटच आहे, बाकी काही बघू नका. माझी अ‍ॅक्रो वर्षभर जशीच्या तशी होती, पार मीटर (पाण्यात प्रकाश किती पोचतो ते मोजणारा) मागून आणला तर तिच्या जागी फक्त ९० येत होतं. वर सरकवून हळूहळू २५० पर्यंत नेलं आणि मग फांद्या फुटायला लागल्या.

रत्नाग्री:
भारतात असाल तर आधी हे वाचा. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरी ठेवता येत नाहीत.

खारंपाणी:
सांगायचं राहिलं, मी न्यू जर्सीत आहे. तुकडे इथल्याच एकाच्या टँकमध्ये वाढवलेले आहेत, समुद्रातून काढलेले नाहीत. टँक २२५ लिटर. केएच ६.९, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, सॅलिनिटी ३५, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. फॉस्फेट काढणारी मीडिया चोवीस तास चालू असते. लाइट नवा आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

शशी_अण्णा:
आमच्या गोल्डफिशच्या टाकीत मी दर रविवारी अर्धं पाणी बदलतो, नऊ वर्षं झाली. पाणी बदलत राहा, मासे खूष राहतात.

मीनल_प:
अण्णा, ते गोड्या पाण्याचं झालं.
खारंपाणी, ते दोन शून्य आहेत ना, घोळ तिथेच आहे. प्रवाळाच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं त्यालाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतं, तुम्ही त्याची उपासमार करताय. रंग फिक्कट पडलाय का? मीडिया एकदम काढू नका, आठवड्याला थोडी थोडी कमी करा आणि माशांना एक वेळ जास्त खायला घाला. नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५ आलं तरी पुष्कळ. केएच ८ ला न्यायचाय पण ते नंतर. उपाशी प्रवाळावर केएच चढवला की टोकं जळतात, माझी जळली आहेत.

दर्या७:
माझं फॉस्फेट ०.०२ आहे आणि वाढ जोरात आहे. आकड्यांच्या मागे लागून लोक टँक घालवतात.

मीनल_प:
०.०२ म्हणजे शून्य नव्हे. आणि तुमच्याकडे मासे किती, दिवसातून खाणं किती वेळा, तेही सांगा ना.

दर्या७:
अकरा. तीन वेळा.

चुनाभट्टी:
पीएच कोणीच विचारला नाही? तिकडे थंडीत खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस, सगळा कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो. पहाटे लाइट लागायच्या आधी मोजा. ७.८ च्या खाली असेल तर सांगाडा बांधायला प्रवाळाला जड जातं. मी चुन्याची निवळी देतो, लिटरला साधारण दीड ग्रॅम, वरचं स्वच्छ पाणी तेवढं रात्री थेंब थेंब सोडायचं. एकदम ओतलंत तर मासे मरतील.

रत्नाग्री:
पानाचा चुना चालतो का?

चुनाभट्टी:
नको, त्यात आणखी काय असतं त्याची खात्री नाही. लोणच्यासाठीचा फूड ग्रेड चुना मिळतो तिकडे, तो घ्या.

रत्नाग्री:
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर प्रवाळावर पाय देऊ नका. मागच्या खेपेला माझ्यासमोर एक जण फोटोसाठी त्यावर उभा राहिला, खाली उतरला तेव्हा फांदी मोडून पडली होती. फार वाईट वाटलं.

मीनल_प:
खरंय. खारंपाणी, शनिवारी सगळं एकदम करू नका, एका वेळी एकच बदल. आणि तीन दिवस काही न घालता रोज ठरावीक वेळी केएच मोजा. घसरला नाही तर समजा प्रवाळ काही खेचतच नाहीये.

खारंपाणी:
पहाटेचा पीएच ७.७! खिडकी दोन तास उघडी ठेवली तर ८.० वर आला, थंडीने हात गारठले पण आकडा हलताना बघून बरं वाटलं. तीन दिवसांत केएच ६.९ चा ६.८. म्हणजे खेचतच नाहीये. मीडिया अर्धी केली.

खारंपाणी:
सहा आठवडे झाले. नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०४. मग निवळी सुरू केली, केएच ७.८ वर आणला, आता न घालता ठेवला तर दिवसाला ०.३ उतरतो. आज टॉर्च मारून बघितलं तर माँटिपोराच्या डाव्या बाजूला दोऱ्याएवढी पांढरी रेघ आहे! पण काचेवर तपकिरी थर धरायला लागलाय, परत मीडिया वाढवू का?

मीनल_प:
अजिबात नाही. काच पुसा. आणि त्या रेघेचा फोटो टाका.